आधी ओढे मोकळे करा

पुण्यात मुळा, मुठा आणि मुळा-मुठा मिळून ४४ किलोमीटरचा नदीकाठ सजवायचं काम चालू आहे. २०२२ च्या मार्चमध्ये भूमिपूजन झालं. खर्चाचा अंदाज ४,७०० कोटींच्या आसपास. बांधीव काठ, पायऱ्या, चालायला पथ, बसायला कट्टे. यावर गेली काही वर्षं शहरात भांडण चाललंय, मोर्चे निघाले, खटले झाले. झाडं किती जाणार, पात्र किती आवळणार, हे प्रश्न खरेच आहेत आणि ते विचारणाऱ्यांचे आभार मानले पाहिजेत. पण या सगळ्या वादात नदीला पाणी आणून देणारे ओढे कुठे आहेत? त्यांच्याबद्दल ना महापालिका बोलते, ना त्यांच्यासाठी कुणी संकल्पचित्रं काढून घेतं.

या शहराने गेल्या पंचवीस वर्षांत पाहिलेला सगळ्यात जीवघेणा पूर नदीतून आला नव्हता. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री तो आंबिल ओढ्यातून आला. कात्रजच्या डोंगरावर पाऊस कोसळला आणि टांगेवाले कॉलनी, अरण्येश्वर, सहकारनगर, दांडेकर पूल या पट्ट्यात झोपलेल्या माणसांच्या घरात पाणी शिरलं. सीमाभिंती कोसळल्या, गाड्या एकमेकींवर चढल्या, गोठ्यांतली जनावरं दाव्याला बांधलेलीच गेली. शहर आणि परिसरात मिळून वीसहून जास्त माणसं मेली. हा ओढा वर्षातले दहा महिने इतका मुकाट असतो की त्याच्या पुलावरून जाणाऱ्याला आपण पुलावर आहोत हेही कळत नाही. त्या रात्री त्याने आपली जागा परत मागितली, आणि जागा उरलेलीच नव्हती.

त्यातही एक गोष्ट फार बोचते. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, पेठा पाण्याखाली गेल्या, हजारो कुटुंबं उघड्यावर आली. त्यांच्यासाठी सरकारने ज्या पूरग्रस्त वसाहती वसवल्या, त्यांतल्या काही याच आंबिल ओढ्याच्या काठावर आहेत. एका पुराने घर गेलेल्यांना दुसऱ्या पुराच्या वाटेवर घर दिलं. कागदावर ती जागा मोकळी होती, म्हणून ती सोयीची ठरली. ओढ्याकाठची जागा मोकळी का असते, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. आजही विचारत नाही.

आंबिल ओढ्याच्या वाटेला हात लावणारे आपण पहिले नव्हे. नानासाहेब पेशव्यांनीही त्याची वाट वळवली. पण त्याच पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून डोंगरातून येणारं पाणी आधी वरच थोपवलं, तिथून दगडी नळाने शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत आणलं. वळवलेल्या ओढ्याला पर्वतीच्या पायथ्याशी तळं दिलं. त्या तळ्याच्या जागी आज सारसबाग आहे. ओढ्याची वाट बदलायची तर त्याच्या पाण्याला थांबायला जागा द्यावी लागते, एवढं गणित अठराव्या शतकातल्या राज्यकर्त्यांना येत होतं. आपण तळं बुजवून बाग केली, ओढ्याच्या दोन्ही बाजूंना रिटेनिंग वॉल उभ्या केल्या, वरून स्लॅब टाकून पार्किंग केलं आणि उरलेल्या फटीतून डोंगरभर पाणी निघून जाईल अशी आशा धरली.

पूर ओसरल्यावर काय झालं? २०२१ च्या जूनमध्ये, ऐन पावसाळ्यात, करोना अजून शहरात असताना, दांडेकर पुलाजवळच्या ओढ्याकाठच्या वस्तीवर महापालिकेचे बुलडोझर आले. बायका भांडी कवटाळून रस्त्यावर बसल्या होत्या. शेवटी न्यायालयाने ती कारवाई थांबवली. ओढा मोकळा झाला पाहिजे, हे मी या सदरात पुन्हा पुन्हा लिहीन. पण मोकळा करण्याची सुरुवात नेहमी पत्र्याच्या घरापासून का होते? ओढ्यात पाय रोवून उभ्या असलेल्या बहुमजली इमारती, त्यांच्या सीमाभिंती, क्लबहाऊस, मंगल कार्यालयांची लॉन्स यांच्यापर्यंत ते यंत्र पोचत नाही. वस्तीतल्या माणसाला जवळच, त्याच्या कामाच्या आणि मुलांच्या शाळेच्या अंतरात घर द्या आणि मग हलवा. तसं न करता केलेली ओढेमुक्ती हा अन्याय आहे आणि तिला मी पर्यावरण म्हणणार नाही.

कायद्याकडे बघा, म्हणजे राग अजून वाढेल. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची. तिचं कलम २० सांगतं की नद्या, ओढे, नाले, तळी यांची पात्रं शासनाच्या मालकीची. म्हणजे ओढा बिल्डरचा नाही, सोसायटीचा नाही, नगरसेवकाचाही नाही. जुन्या गावनकाशांवर तो रेघेने दाखवलेला आहे. भूमी अभिलेख कार्यालयात आजही ते नकाशे मिळतात. मग ओढे गायब कसे झाले? चोरीने काही झाले, ते सोडा. मोठा भाग रीतसर गेला. बांधकाम नियमावलीत एक वाट ठेवलेली आहे. सखल जमिनीतून जाणाऱ्या ज्या लहान प्रवाहाला ठळक काठ नाही, त्याची वाट आणि रुंदी प्राधिकरणाच्या परवानगीने बदलता येते. आता सपाटीवरच्या ओढ्याला ठळक काठ असणारच कसा? पावसाळ्यात तो पसरतो, उन्हाळ्यात आकसतो, हाच त्याचा धर्म. नियम त्याच्या या स्वभावालाच दोष ठरवतो आणि त्याला प्लॉटच्या कोपऱ्यातून काटकोनात वळवायची मुभा देतो. तीस फूट पसरणारं पाणी दोन पाइपांत घातलं जातं. कागदावर प्रवाह कायम, परवानगी कायम, भोगवटापत्रही मिळतं. आणि जेव्हा पाणी पार्किंगमध्ये शिरतं तेव्हा सोसायटीचे लोक महापालिकेच्या नावाने बोटं मोडतात. ही वाट बंद करायला ४,७०० कोटींचा खर्च लागत नाही. नियमातलं एक वाक्य खोडावं लागतं.

ओढा हा नुसता पाणी वाहून नेणारा चर आहे असं मानणं ही अभियंत्यांची जुनी खोड. पुण्याखाली काळा पाषाण आहे. त्याच्या वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत टेकड्यांवरचा पाऊस मुरतो, सावकाश खाली सरकतो आणि झऱ्यांच्या, पाझरांच्या रूपाने ओढ्यात उतरतो. म्हणून पाऊस थांबल्यावरही काही महिने ओढ्यात निवळ पाणी टिकायचं. बावधन, पाषाण, कात्रज भागातल्या जुन्या माणसांना ते पाणी आठवतं. ओढ्याच्या तळाला काँक्रीट टाकलं की ही देवघेव तुटते. पाणी वेगाने पुढे पळतं, खालच्या पुलाला तुंबतं, मुरत कुठेच नाही. पावसाळ्यात पूर आणि फेब्रुवारीत टँकर, या दोन्हींचं मूळ त्या एका थरात आहे. हे ओळखायला परदेशी सल्लागार नकोत. अ‍ॅक्वाडॅमसारखी संस्था पुण्यातच बसून गेली अनेक वर्षं भूजलाचा अभ्यास करते आहे.

आता नदीकडे या. मुठेच्या वर खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही चार धरणं. मिळून २९ टीएमसीच्या आसपास साठवण. त्यांतलं पाणी आपण पितो, कालव्याने शेतीला देतो. पावसाळा संपला की खडकवासल्याखाली मुठेत सोडलेलं असं पाणी जवळजवळ नसतं. शहरातून जाणाऱ्या नदीत मग वाहतं काय? आपलं सांडपाणी. या मधल्या पट्ट्यात मुठेला तिचं स्वतःचं, स्वच्छ पाणी देऊ शकणारं कुणी असेल तर ते हे ओढे आणि टेकड्यांचे पाझर. तेच आपण गटार करून टाकले. म्हणून मी म्हणतो की काठापासून सुरुवात करणं हे उलटं काम आहे. अहमदाबादच्या साबरमतीचा दाखला सारखा दिला जातो. तिथे काठामध्ये दिसणारं पाणी नर्मदेच्या कालव्यातून आणून भरलेलं आहे, आणि शहराच्या खाली त्याच साबरमतीच्या प्रदूषणाची गुजरात उच्च न्यायालयाला २०२१ मध्ये स्वतःहून दखल घ्यावी लागली. मुठेत भरायला आपण कुणाची नर्मदा आणणार आहोत?

सांडपाण्याचं काम चालू आहे, हे मान्य. जपानच्या जायका संस्थेच्या मदतीने ११ शुद्धीकरण केंद्रं, ३९६ एमएलडी क्षमता, २०१६ पासूनची योजना. ती आधी पूर्ण व्हायला हवी होती, काठाचं सुशोभन नंतर. कारण आपली घाण खाली जाते. मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा उजनीत थांबते आणि ते पाणी सोलापूर प्यायला घेतं. पुणेकरांनी काठावर फिरायचं आणि इंदापूर-करमाळ्याने वास सहन करायचा, ही विकासाची कुठली रीत?

पूररेषेचा खेळही समजून घ्यावा. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा निळी, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. मुठेची निळी रेषा ६० हजार क्युसेक धरून आखलेली. २५ जुलै २०२४ च्या पहाटे खडकवासल्यातून सुमारे ३५ हजार क्युसेक सुटले आणि सिंहगड रस्त्यावरची एकतानगरी पाण्यात गेली. लोकांना अंथरुणातून उठून गच्चीकडे पळावं लागलं, लष्कर बोलवावं लागलं. निळ्या रेषेच्या हिशेबापेक्षा बऱ्याच कमी पाण्यात ही अवस्था झाली. भराव, राडारोडा, पात्रातली बांधकामं, अडलेले ओढे, सगळ्यांनी मिळून पात्राची ताकद खाल्ली आहे. विठ्ठलवाडीकडून महामार्गाकडे जाणारा रस्ता महापालिकेने चक्क पात्रात बांधला होता. हरित लवादाने कान धरला तेव्हा तो काढला. बांधायचे पैसे पुणेकरांचे, काढायचेही पुणेकरांचे. मुठेवरचा भिडे पूल दर पावसाळ्यात पाण्याखाली जातो आणि त्याची आपण बातमी करतो, फोटो काढतो. नदी वाहते त्या जागेत रस्ता केला तर तो बुडणार, यात बातमी कसली?

बाहेरचा दाखला घ्यायचाच असेल तर साबरमतीऐवजी सिंगापूरच्या बिशान बागेचा घ्या. कलांग नदीला तिथे १९६०-७० च्या काळात काँक्रीटच्या सरळसोट कालव्यात कोंबलेलं होतं. शेजारी बाग, मध्ये कुंपण. २००९ ते २०१२ मध्ये त्यांनी तो २.७ किलोमीटरचा कालवा फोडला आणि बागेतून वळणं घेत जाणारी ३.२ किलोमीटरची नदी केली. काठ माती, दगड, झाडांच्या मुळांनी बांधले. पाणी वाढलं की बागेचा सखल भाग पाण्याला, ओसरलं की माणसांना. पाणी चढायला लागलं की इशारे वाजतात, लोक वर सरकतात. फोडलेलं काँक्रीट फेकलं नाही, त्याचा बागेत उंचवटा केला. जमिनीचा तुटवडा आपल्यापेक्षा त्यांना कितीतरी जास्त आहे. तरी त्यांनी पाण्याला जागा दिली, आणि बाग व ओढा हे दोन वेगळे विभाग आहेत असं मानणं सोडलं. आपल्याकडे उद्यान खातं वेगळं, मलनिस्सारण वेगळं, पथ वेगळं, बांधकाम परवानगी वेगळी. ओढा या चौघांचा आणि म्हणून कुणाचाच नाही. एप्रिल-मेमध्ये नालेसफाईची निविदा निघते, गाळ काढून काठावरच टाकतात, पहिल्या पावसात तो पुन्हा आत. पुढच्या वर्षी पुन्हा निविदा.

बागांचंही बोललं पाहिजे. पुण्यात महापालिकेची दोनशेहून जास्त उद्यानं आहेत आणि त्याचा शहराला अभिमान आहे. पण बहुतेक बागा म्हणजे भिंत, फाटक, पेव्हर ब्लॉक, पाणी पिणारी हिरवळ आणि रंगीत दिवे. दुपारी कुलूप. घरकाम करणाऱ्या बाईला दोन कामांच्या मध्ये डबा खायला सावली हवी असते, त्याच वेळी बाग बंद. पावसाचं पाणी बागेत मुरायला हवं, तर फरशीवरून वाहून ते रस्त्यावर येतं. मोठ्या ले-आउटमध्ये १० टक्के जागा मोकळी सोडायचा नियम आहे. ती जमिनीवरच हवी, पोडियमवर चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये मुंबईच्या एका प्रकरणात बजावलं. ही जागा ओढ्यालगतच सोडायची सक्ती केली असती तर गेल्या वीस वर्षांत बाणेर, वाकड, वाघोली, उंड्री इथे प्रत्येक ओढ्याच्या दोन्ही बाजूंना सलग हिरवा पट्टा तयार झाला असता. कडेला करंज, उंबर, जांभूळ, वाळुंज, मधून शाळेत जाणाऱ्या पोरांची पायवाट. त्याऐवजी प्रत्येक सोसायटीने आपलं १० टक्के आपल्या भिंतीआड ठेवलं आणि ओढ्याकडे पाठ केली. हजार तुकडे झाले, एकही वाट झाली नाही.

आणि टेकड्या. १९९७ मध्ये शहरात आलेल्या २३ गावांच्या टेकड्यांवर ९७८ हेक्टरचं जैववैविध्य उद्यानाचं आरक्षण पडलं. बीडीपी म्हणून पुणेकर ते ओळखतात. त्यासाठी लोक वर्षानुवर्षं भांडले, सह्या गोळा केल्या, आणि २०१५ मध्ये राज्य सरकारने ते कायम केलं. त्या लोकांना माझा मनापासून नमस्कार. पण जमीनमालकाला देऊ केलेला मोबदला ८ टक्के टीडीआरचा, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्काचा, म्हणून जमीन ताब्यात येत नाही, आणि जी ताब्यात नाही तिच्यावर रात्री जेसीबी चालतात. टेकडीफोड म्हणजे काय हे २०१३ च्या जूनमध्ये कात्रज बोगद्यापलीकडे शिंदेवाडीला दिसलं. वर डोंगर कापलेला, ओढ्याची वाट अडलेली, पहिल्याच जोरदार पावसात चिखलाचा लोंढा महामार्गावर आला आणि एक आई व तिची लहान मुलगी वाहून गेल्या. शेतकऱ्याला रास्त मोबदला द्या, त्याची जमीन फुकटात हिरवी ठेवण्याचं ओझं त्याच्यावर टाकू नका. नदीकाठाच्या फरशीसाठी कोटी निघतात, टेकडीच्या मोबदल्यासाठी हात आखडतो. हा पैशांचा तुटवडा नव्हे.

गेलेले ओढे सगळे परत येणार नाहीत, हे मी मान्य करतो. नागझरीचा ओढा पेठांमधून पुन्हा निवळ वाहील असं स्वप्न मी विकणार नाही. पण २०२१ मध्ये आणखी २३ गावं शहरात आली. सूस, म्हाळुंगे, पिसोळी, होळकरवाडी, वाघोली, मांजरी. त्यांतच भिलारेवाडी, गुजर-निंबाळकरवाडी, मांगडेवाडी, जांभूळवाडी, कोळेवाडी ही कात्रजच्या डोंगराखालची गावं आहेत. आंबिल ओढ्याचं मूळ याच भागात आहे. तिथले ओढे अजून मातीचे आहेत, अजून काठावर उंबर आहेत. इथेही आता टेकड्यांच्या कुशीला प्लॉटिंगचे फलक लागताहेत. म्हणजे २०१९ ची रात्र जिथून खाली आली, त्या उगमावर पुढचं बांधकाम उभं राहतंय. या गावांचा विकास आराखडा रस्त्यांपासून नव्हे, ओढ्यांपासून आखा. आधी गावनकाशावरचे आणि पावसाळ्यात प्रत्यक्ष वाहणारे सगळे प्रवाह मोजा, त्यांच्या दोन्ही काठांना पट्टा आरक्षित करा, तो जाहीर करा, आणि मगच रस्ते, मगच एफएसआय.

२०२२ च्या मार्चनंतर बराच काळ महापालिकेत नगरसेवकच नव्हते. प्रशासकाच्या सहीवर शहर चाललं. त्या काळात ओढ्यांवर कुठे कुठे भराव पडला, कुठल्या प्रवाहांची वाट बदलायला परवानगी मिळाली, याची प्रभागवार यादी महापालिकेने संकेतस्थळावर टाकावी. माहिती अधिकारात मागायची वेळ लोकांवर आणू नये.

आणि तुमच्याकडेही एक मागणं आहे. तुमच्या घरावरचं, तुमच्या गल्लीतलं पाणी कुठल्या ओढ्याला जातं ते शोधा. भूमी अभिलेख कार्यालयातून तुमच्या गावाचा, पेठेचा जुना नकाशा काढा. तो घेऊन या पावसाळ्यात ओढ्याच्या काठाने चालत जा. जिथे वाट अडलेली दिसेल तिथला फोटो आणि गट क्रमांक क्षेत्रीय कार्यालयात लेखी द्या, पोच घ्या. सोसायटीची सीमाभिंत ओढ्यात असेल तर पुढच्या सर्वसाधारण सभेत ती मागे घेण्याचा ठराव तुम्हीच मांडा.

कलम २० प्रमाणे ओढा शासनाचा आहे. शासन आपलं आहे, तर तो आपल्याला परत मागता येतो. मागा.